प्रत्येक जुनं काडतूस ब्रिटिशकालीन नसतं

मा. संपादक,
स.न.

जुन्या वाड्यात माळ्यावर काडतुसं सापडली की बातमीत ठरलेलं वाक्य असतं, "ब्रिटिशकालीन जिवंत काडतुसं", आणि कधीकधी तर थेट 1857 चा उठावच. अहो, उठावातली एनफिल्ड बंदुकीची काडतुसं कागदी होती, आणि वाड्यांमध्ये निघतात ती बहुतेक वेळा पॉइंट टू टू (0.22 इंच व्यासाची) छोटी धातूची काडतुसं, म्हणजे रिमफायर.

हे ओळखायला सोपं आहे. बुडाच्या मधोमध वेगळी गोल टोपी नसेल तर ते रिमफायर, कारण यात पेटणारा मसाला कडेच्या आत भरलेला असतो, त्यामुळे उडालेल्या केसवर, म्हणजे धातूच्या कवचावर, बंदुकीच्या पिनची खूण मधे नाही तर काठावर दिसते. पॉइंट टू टू शॉर्ट हे स्मिथ अँड वेसनने 1857 लाच अमेरिकेत आणलं पण आज सगळीकडे चालतं ते "लाँग रायफल" नावाचं काडतूस आलं 1887 ला, त्याची केस साधारण 15.6 मिमी आणि शॉर्टची 10.7, म्हणजे नुसत्या मापावरून सुद्धा ते शॉर्ट आहे की लांब केसचं, एवढं तरी सांगता येतं.

खरी गडबड होते ती बुडावरच्या अक्षरामुळे. त्यावर साल बहुधा नसतंच! विंचेस्टर या अमेरिकन कंपनीचा H हा रायफल बनवणाऱ्या हेन्रीच्या नावाचा, तो त्यांनी शंभराहून जास्त वर्षं छापला, आणि U म्हणजे युनियन मेटॅलिक कार्ट्रिज, ती कंपनी 1912 ला रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत गेली तरी U चालूच राहिला. म्हणजे नुसतं अक्षर बघून कुणी साल सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तांब्याची केस दिसली म्हणून खूप जुनं असंही नाही.

साल सापडतं ते खोक्यावर. आयसीआय (इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीज ही ब्रिटिश कंपनी) लिहिलेलं असेल तर 1926 च्या आधीचं असूच शकत नाही कारण कंपनीच तेव्हा झाली, रेमिंग्टनचं क्लीनबोअर हे नाव किंवा नॉन-करोसिव्ह (नळी न गंजवणारं) असं लिहिलेलं असेल तर तेही साधारण त्याच सुमाराचं किंवा नंतरचं, अमेरिकन पत्त्यात झिप कोड (तिकडचा पिनकोड) असेल तर 1963 नंतरचं आणि बारकोड असेल तर 1974 नंतरचं, मग ही शेवटची दोन कसली ब्रिटिशकालीन! आणि नेमकं हेच खोकं लोक फाटकं म्हणून केरात टाकतात, मला याचं फार वाईट वाटतं.

घरात सापडलं तर पक्कडीत धरू नका, ठोकू नका, कड कुठेही दाबली गेली तरी उडू शकतं. आजोबांचं लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं, त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून जमा करा, आर्म्स ॲक्टमध्ये वारसांना ती सोय आहे. पोलिसांना विनंती की नष्ट करण्याआधी बुडाचा आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंचा फोटो काढून ठेवावा. आणि तुमच्या वार्ताहरांनी तोच फोटो मागून छापावा, ओंजळीतल्या काडतुसांचा नको.

आपला एक नियमित वाचक,
सातारा