वंशावळीतून लेकी गाळल्या, तर यॉर्कचा दावा कळणार कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या ‘गुलाबांच्या युद्धा’वरचा, म्हणजे पंधराव्या शतकात तिथल्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच राजकुळाच्या दोन शाखांत झालेल्या लढ्यावरचा, लेख वाचला. लढायांची वर्णने नेटकी आहेत. पण सोबतच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे छापली आहेत आणि तिच्याच आधाराने यॉर्क घराण्याला ‘धाकटी पाती’ ठरवून त्यांचा दावा पोकळ म्हटला आहे. ही चूक किरकोळ नाही. त्या तीस वर्षांच्या भाऊबंदकीचे मूळच तिने झाकले आहे.

दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष म्हणजे चौदाव्या शतकातला इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा. त्याचे पाच मुलगे वयात आले : एडवर्ड, लायोनेल, जॉन, एडमंड आणि थॉमस. थोरल्या एडवर्डचा वंश पुढे खुंटला. लँकेस्टरचे राजे तिसऱ्या मुलाचे, जॉनचे वंशज, यॉर्कचे ड्यूक चौथ्या मुलाचे, एडमंडचे. एवढेच पाहिले तर लेखातले विधान खरे वाटते. पण दुसरा मुलगा लायोनेल याला मुलगा नव्हता, फिलिपा ही एकुलती मुलगी होती. ती मॉर्टिमर घराण्यात दिली. तिचा मुलगा रॉजर, रॉजरची मुलगी अ‍ॅन आणि अ‍ॅनचा मुलगा रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क. म्हणजे हा रिचर्ड वडिलांकडून चौथ्या मुलाचा, पण आईकडून दुसऱ्या मुलाचा वंशज. अ‍ॅनचा भाऊ १४२५ साली निपुत्रिक वारला, तेव्हा मॉर्टिमरांचा हक्क तेरा वर्षांच्या रिचर्डकडे आला.

आता प्रश्न एवढाच उरतो, की गादीचा हक्क लेकीकडून पुढे जातो का? इंग्लंडमध्ये याबद्दल पक्का नियम नव्हता आणि लँकेस्टरच्या राजांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. फ्रान्सच्या गादीवर इंग्रज राजे जो हक्क सांगत होते, तो एडवर्ड तिसऱ्याची आई इझाबेला फ्रेंच राजाची मुलगी होती, या एकाच दुव्यावर टेकलेला होता. लेकीकडून हक्क जात नाही म्हणावे तर फ्रान्स हातचे जाते, जातो म्हणावे तर घरचे मॉर्टिमर पुढे येतात. १४०६ च्या जूनमध्ये लँकेस्टरचा पहिला राजा हेन्री चौथा याने वारसा केवळ पुरुष वंशजांपुरता मर्यादित करून घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कायदा फिरवला. फ्रान्सची अडचण हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते.

ऑक्टोबर १४६० मध्ये रिचर्डने संसदेपुढे हीच वंशावळ मांडली. सरदारांनी न्यायाधीशांचे मत मागितले. हे प्रकरण आमच्या आवाक्यापलीकडचे, असे सांगून त्यांनी अंग काढून घेतले. मग सरदारांनी स्वतःच हरकती घेतल्या. आम्ही गादीवरच्या लँकेस्टर राजाशी, हेन्री सहाव्याशी, निष्ठेच्या शपथा घेतल्या आहेत, ही एक. दुसरी मला फार मार्मिक वाटते : लायोनेलचे वारस म्हणवता, तर आजवर ढालीवर चिन्ह एडमंडचे का वापरलेत? अखेर तडजोड झाली. हेन्रीने मरेपर्यंत राज्य करावे, पुढे गादी रिचर्डला आणि त्याच्या वंशजांना. पण रिचर्ड हेन्रीपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता आणि हेन्रीचा सात वर्षांचा मुलगा या करारात वारसाहक्काला मुकत होता. हेन्रीची राणी मार्गारेट हिने हे मान्य करणे शक्यच नव्हते. ३० डिसेंबरला वेकफिल्डच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि सुमारे दोन महिन्यांनी त्याचा मुलगा एडवर्ड चौथा म्हणून राजा झाला.

लेखाच्या शेवटी, हे युद्ध जिंकून राजा झालेल्या हेन्री सातव्याला ‘लँकेस्टरचा वारस’ म्हटले आहे. तिथेही दुवा आईचाच : मार्गारेट बोफर्ट. बोफर्ट मंडळी म्हणजे एडवर्ड तिसऱ्याचा तिसरा मुलगा जॉन याची आणि कॅथरीन स्विनफर्डची लग्नाआधीची मुले. १३९७ साली त्यांना औरस ठरवले गेले, पण १४०७ मध्ये हेन्री चौथ्याने त्यात ‘राजपद वगळून’ अशी पुस्ती जोडली. शिवाय मार्गारेट स्वतः १५०९ पर्यंत हयात होती, म्हणजे आई असताना मुलगा वारस! या दाव्यातली ही भगदाडे पाहिली, की १४८६ च्या जानेवारीत हेन्री सातव्याने एडवर्ड चौथ्याच्या थोरल्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न का केले ते कळते. रक्ताच्या नात्याने तिचा हक्क त्याच्यापेक्षा कितीतरी बळकट होता.

आपल्याकडच्या जुन्या वंशावळींतही लेकींची नावे गाळण्याचा प्रघात आहे, त्या सवयीने हे झाले असावे. विनंती अशी, की तक्ता पुन्हा छापावा आणि त्यात इझाबेला, फिलिपा, अ‍ॅन मॉर्टिमर, मार्गारेट बोफर्ट आणि एलिझाबेथ ही पाच नावे घालावीत. मुलगे जन्मक्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावेत. आणि प्रत्येक रिचर्ड, एडवर्ड, एडमंडपुढे पदवी व जन्ममृत्यूची साले द्यावीत, कारण लेखात यॉर्कचा ड्यूक रिचर्ड आणि त्याचा धाकटा मुलगा रिचर्ड तिसरा यांची एका ठिकाणी सरमिसळ झाली आहे.

आपला,
एक वाचक, सातारा