ताजमहाल हॉटेलच्या ‘भुता’विषयी दिलेली खोटी माहिती : सहल कंपनीकडे तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : झपाटलेल्या वास्तूंच्या रात्रीच्या सहलीत जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळणे व ताजमहाल हॉटेलच्या इतिहासाविषयी खोटी माहिती सांगितली जाणे.

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझी भाची आपल्या कंपनीच्या दक्षिण मुंबईतील रात्रीच्या पायी सहलीत सहभागी झालो होतो. या सहलीचे मुख्य आकर्षण अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल हे होते आणि तेथील जुन्या इमारतीत नेऊन ‘वास्तुविशारदाचा आत्मा ज्या जिन्यावर वावरतो’ तो जिना दाखवला जाईल, असे आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापले आहे. प्रत्यक्षात आम्हा सर्वांना रस्त्यापलीकडे समुद्राच्या कठड्याशी उभे करून सगळे काही तिथूनच सांगण्यात आले. आत केव्हा जायचे असे विचारले, तेव्हा हॉटेलची परवानगी घेतलेलीच नाही, असे मार्गदर्शकाने सांगितले. जी गोष्ट दाखवण्याची आपल्याला मुभा नाही तिचे पैसे आगाऊ घेणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. तरीही केवळ तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिले नसते.

आम्हाला जी कथा सांगण्यात आली ती अशी : एका इंग्रज वास्तुविशारदाने हॉटेलचे नकाशे तयार करून दिले आणि तो विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, दर्शनी बाजू समुद्राऐवजी शहराकडे झालेली, तो धक्का सहन न होऊन त्याने पाचव्या मजल्यावरून उडी घेतली आणि तेव्हापासून त्याचा आत्मा तिथे भटकतो. पुरावा म्हणून मार्गदर्शकाने हातातला टॉर्च गेटवे ऑफ इंडियाकडे वळवला आणि विचारले, “गेटवेकडे पाठ करून कुणी हॉटेल बांधेल का?” समूहातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या.

हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. गेटवेची पायाभरणी त्यानंतर काही वर्षांनी झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे हॉटेल उभे राहिले तेव्हा त्याच्यासमोर पाठ करण्याजोगे काही नव्हतेच. मूळ प्रवेशद्वार, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे त्या शहराच्या बाजूला, ठरवून ठेवले होते, बहुधा पाहुण्यांच्या घोडागाड्यांना तिकडून येणे सोयीचे होते म्हणून. शिवाय जमशेटजी टाटांनी या हॉटेलसाठी थेट पॅरिसहून लोखंडी खांब मागवले होते. सामानाची निवड इतक्या बारकाईने करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची अख्खी इमारत उलटी उभी राहील आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, हे पटण्यासारखे आहे का?

आता वास्तुविशारदाविषयी. या इमारतीचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचे आहेत. वैद्य हे व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेले वास्तुविशारद होते. १९०० च्या सुमारास, इमारत पूर्ण होण्यापूर्वीच, मलेरियाने त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने तडीस नेले. ज्यांना आपली पूर्ण झालेली इमारत पाहायलाच मिळाली नाही, त्यांच्या जागी आपण ती पाहून जीव देणारा एक इंग्रज उभा केला आहे. ज्या जिन्यावर आपण आत्मा फिरवता, तो कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्या कल्पकतेतून आणि हातून घडलेला आहे. त्यांचेही नाव कुणी घेतले नाही.

माझी भाची वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. तिने अत्यंत नम्रपणे वैद्यांचे नाव काढले, तेव्हा “मॅडम, लोक भुतासाठी पैसे देतात, नावांसाठी नाही,” असे उत्तर तिला सर्वांदेखत मिळाले. मला या उत्तराचा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. भुताच्या गोष्टींना माझा विरोध नाही. लोककथा म्हणून सांगितलेली भुताची गोष्ट मीही आवडीने ऐकते. पण ‘अशी आख्यायिका आहे’ एवढे तीन शब्दही न उच्चारता ती इतिहास म्हणून विकली जाते, तेव्हा मुंबईची ही ओळख घडवणाऱ्या माणसांची नावे पुसली जातात.

याहून क्लेशदायक भाग पुढेच होता. त्याच सुरात, आवाज खाली करून, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ‘तिथे रात्री किंकाळ्या ऐकू येतात’ असेही सांगण्यात आले. त्या हल्ल्यात हॉटेलमध्ये मृत्युमुखी पडलेल्यांमध्ये पाहुण्यांना वाचवताना जीव गमावलेले कर्मचारीही होते. त्यांची कुटुंबे याच शहरात राहतात आणि उद्या त्यांच्यापैकी कुणी आपल्या समूहात उभे असू शकेल, याचा विचार ही संहिता लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

तेव्हा आमच्या दोन्ही तिकिटांची पूर्ण रक्कम परत करावी आणि हॉटेलच्या आत नेण्याचा उल्लेख जाहिरातीतून तातडीने काढावा. २००८ च्या हल्ल्याशी जोडलेला भुताटकीचा सर्व मजकूर सहलीतून वगळावा; याबाबत तडजोडीला जागा नाही. वास्तुविशारदाची कथा सांगायचीच असेल तर ती आख्यायिका असल्याचे स्पष्ट करून वैद्य, मिर्झा, चेंबर्स आणि सोराबजी यांच्या कामाची माहिती सोबत द्यावी. त्यासाठी लागणारी टिपणे माझी भाची विनामूल्य तयार करून देण्यास तयार आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. तिकिटांच्या पावत्या आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक