मेंदू नाही, तरी डंख आहे

महोदय,

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे, धाग्यांनी डसणारे समुद्री जीव) वाहून येतात आणि ‘मेलेली आहे’ म्हणत पोरं त्या सरळ हातात घेतात. इथे मेलं-जगलं याला फारसा अर्थ नाही. ब्लूबॉटल काय किंवा जेलीफिश काय, त्यांना मेंदू नसतोच. अंगभर चेतापेशींचं जाळं असतं. डंखाची पेशी स्पर्श होताच स्वतःहून उडते, तिला वरून हुकूम लागत नाही. म्हणून तुटून पडलेला धागाही डसतो. धागा चिमट्याने काढावा, चोळू मात्र नये. चोळलं की न उडालेल्या पेशीही उडतात.

‘मेंदू नाही’ म्हणजे सगळे सारखे, असंही नव्हे. स्पंजात चेतापेशीच नाहीत. तारामाशाच्या तोंडाभोवती चेतांचं कडं असतं. बाजारातल्या तिसऱ्यांत (खायच्या शिंपल्यांत) चेतापेशींच्या गुच्छिकांच्या तीन जोड्या असतात; शिंपला मिटायला तेवढं पुरतं.

गांडुळाला मात्र मेंदू आहे, हे अनेक पदवीधरही विसरतात! तो शरीराच्या तिसऱ्या खंडात (वलयात), घशाच्या वरच्या बाजूला असतो. विच्छेदनात पाठीवरची चीर पुढे खोल गेली की आधी तोच कापला जातो आणि वहीत ‘दिसला नाही’ अशी नोंद होते. कुदळीने तुटलेलं शेपूट वळवळतं ते पोटाकडच्या चेतारज्जूमुळे; त्याच्या प्रत्येक खंडात स्वतंत्र गुच्छिका असते. ऑक्टोपसची तऱ्हा आणखी वेगळी: सुमारे 50 कोटी चेतापेशी, पण त्यातल्या दोन तृतीयांश बाहूंत.

– प्राणीशास्त्राचे दोन शिक्षक, रत्नागिरी