तळमजला सोडून काहीही घे

चि. अनिकेत,

काल बोलता बोलता फोन ठेवून दिलास म्हणून टाईप करत बसलेय, जेवण झाल्यावर सावकाश वाच. फ्लॅटबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं बाबांना कबूल केलंय.

स्वतःच्या पगारातून डिपॉझिट भरलंस हे माईआत्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं. व्हिडिओत ओटा छान दिसतोय, चिमणी पण आहे, फक्त खिडकीच्या मागे ती भिंत आहे ना, तिच्या पलीकडे मुठा नदीच ना रे? आणि तू तळमजल्यावर. बघ, लिहिणार नव्हते.

तू म्हणालास वरती चार धरणं आहेत, पुण्यात कसला पूर. अरे धरणं आहेत म्हणूनच तर म्हणतेय. खडकवासल्यातून किती सोडायचं ते ऑफिसात बसून ठरतं, आणि धरण भरलं की त्यांना तरी सोडण्यावाचून काय इलाज आहे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच, सोडलेलं होतं ३५ हजार क्युसेकच्या आसपास. आणि बापूकाकांना विचार १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा शनिवार पेठेत काय झालं ते, अजून पावसाळ्यात ते पुण्यात मुक्कामाला राहत नाहीत.

आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठीचं तरी काय वेगळं आहे. कोयनेचं पाणी खरं कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागरात जायचं, ते डोंगर पोखरून पोफळीला आणलं, वीज काढून झाली की आपल्या नदीत. म्हणून तर मे महिन्यातही तू पोहायला जायचास आणि मी काठावर उभी राहून ओरडायचे. मला त्याचं वाईट वाटत नाही हं, त्या विजेवरच तू अभ्यास केलास. पण माणसाने नदीला हात लावलाय तर मग माणसाने जरा उंचावर राहावं, एवढंच.

२२ जुलै २०२१ तू विसरलास का? फ्रीज आडवा होऊन हॉलभर फिरत होता, त्यातली आंब्याची डाळ वर तरंगत होती. चिखलाला डिझेलचा वास, तो गोदरेजच्या कपाटातून अजून जात नाही, एलआयसीचे कागद मी इस्त्री करून वाळवले होते. बाबांनी भिंतीवर २००५ ची पेन्सिलची खूण आहे तिच्या बऱ्याच वर दुसरी मारली आणि तेवढा पट्टा रंगवूच देत नाहीत. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते वेगळंच, खालच्या आजींना पाठीवर घेऊन तू जिना चढत होतास आणि त्या तुला शिव्या घालत होत्या, त्यांचं कुकर खाली राहिलं म्हणून. तेव्हा वर जायला जिना होता रे, वर ओळखीचे लोक होते.

लेक्चर झालं, सॉरी. तू शहाणा आहेस, इंजिनिअर आहेस, मी काय सांगणार. तरी एक कर, त्या ब्रोकरला विचार बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या आत आहे का. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. तो हसेल, हसू दे, तू महापालिकेत नकाशा बघून ये. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं नसेल तर अजून मोडता येईल, डिपॉझिट गेलं तर आम्ही भरू. बाबांना विचारलेलं नाही पण देतील.

कोकमाचं आगळ आणि लाडू पाठवतेय, बाटली उभी ठेव. सर्टिफिकेटं पलंगाखाली ठेवू नकोस. आणि तिथेच राहायचं ठरलं असेल तर निदान वरच्या मजल्यावर कोण राहतं त्यांच्याकडे एकदा जाऊन ये, रिकाम्या हाताने नको, लाडू त्या हिशोबानेच जास्त घातलेत.

आई