मॉनिटर वळवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आपल्या विद्यापीठात काम अडवणाऱ्याला सहसा कुणी काही विचारत नाही, पण काम करून देणाऱ्याला ‘एवढी घाई कसली होती?’ असं विचारणारे हमखास निघतात. हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेलच.

फेब्रुवारीत मी वित्त व लेखा विभागात तुमच्या टेबलाशी आलो, तो भांडायच्या तयारीनंच. बॅगेत माहिती अधिकाराचा अर्ज लिहून तयार होता आणि पाकिटात त्याला लावायचा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विभागप्रमुखानं स्वतःच्याच विद्यापीठाला माहिती अधिकारात विचारायचं की माझ्या प्रकल्पाचे पैसे कुठे आहेत! लाज वाटत होती, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑगस्टमध्ये केंद्राच्या अनुदानाचा हप्ता आला होता. आल्याचं पत्र माझ्याकडे होतं. तरी प्रकल्पात संशोधन करणाऱ्या दोन्ही मुलांना सहा महिने फेलोशिपचा एक रुपया मिळाला नव्हता. मुलगी घरी सांगायची की पैसे बँकेत साठवतेय. मुलगा आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत येईनासा झाला. विचारलं तर म्हणे, ‘सर, बरं वाटत नव्हतं.’ पुढे कळलं की संध्याकाळी पार्सलं पोचवायचं काम धरलंय आणि सकाळी त्याला उठवत नाही. त्या मुलाला मी हजेरीवरून बोललो होतो. ते अजून खुपतं.

या सहा महिन्यांत मी किती टेबलं फिरलो ते सांगत बसत नाही. तुम्ही त्याच इमारतीत बसता. एकानं सांगितलं, ‘मनुष्यबळाच्या शीर्षात शिल्लक शून्य आहे.’ शीर्ष म्हणजे प्रकल्पातल्या एकेका खर्चाचा कप्पा, आणि फेलोशिप निघते ती मनुष्यबळाच्या कप्प्यातून. दुसऱ्यानं, ‘बजेटच नाही, सर.’ तिसऱ्यांच्या टेबलाला आमचा प्रकल्प नव्हताच. एका वरिष्ठांनी माझ्या टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली. मी चर्चेला गेलो, तर साहेब बैठकीत. कसली बैठक? अर्थसंकल्पाची! चार वेळा गेलो, चारही वेळा अर्थसंकल्पच चालू होता.

गंमत अशी की खोटं कुणीच बोलत नव्हतं. शिल्लक शून्यच होती. ‘शून्य का?’ एवढा एक प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा आवाज चढलेलाच होता. तुम्ही ऐकून घेतलंत. मग बाजूच्या खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्यात, खुर्ची टेबलाच्या आतल्या बाजूला, तुमच्याशेजारी ओढलीत आणि म्हणालात, ‘सर, बसा. तुम्हीच बघा.’ आणि मॉनिटर माझ्याकडे वळवलात.

सहज वळला नाही तो. वायर मागच्या गठ्ठ्याखाली अडकली होती. तुम्ही उठलात, एका हातानं गठ्ठा उचलून धरलात, दुसऱ्या हातानं वायर सोडवलीत. गठ्ठ्याची धूळ तुमच्या बाहीला लागली. ती झटकलीत आणि पुन्हा बसलात. हे सगळं मला इतकं बारकाईनं आठवतं, कारण मॅडम, सतरा वर्षं या विद्यापीठात शिकवतोय, पण लेखा विभागातल्या मॉनिटरची पुढची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तोवर मला मागची पाहून माहीत होती. तिच्यावरचा मालमत्ता क्रमांक, पंख्याची जाळी, आणि वरून दिसणारं कपाळ. त्या कपाळावरून शिल्लक किती ते ओळखायचं.

समोर आमच्या प्रकल्पाची शीर्षं ओळीनं लावलेली होती. मनुष्यबळ शून्य. रसायनं, प्रवास, किरकोळ ठीक. आणि उपकरणांच्या शीर्षात मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त रक्कम. तुमच्या दृष्टीनं ती नुसती एक रक्कम होती, कारण मंजुरीपत्र तुमच्यापुढे नव्हतं. माझं ते पाठ होतं. मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि उत्तर आलं ८,८८,०००.

हा आकडा मी झोपेतही ओळखला असता. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला महिना ३७,०००, अधिछात्र दोन, महिने बारा. दोघंही वसतिगृहात, त्यामुळे घरभाड्याचा प्रश्न नाही. सहा महिने ज्यासाठी चपला झिजवल्या, ते आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार काही ओळी सोडून खाली निवांत बसले होते. ऑगस्टमध्ये हप्ता जमा करताना कुणाच्या तरी हातून फेलोशिपची रक्कमही उपकरणांच्याच शीर्षात पडली होती.

मी ओरडलोच असेन, कारण पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. तुम्ही शांतपणे चष्मा वर केलात आणि म्हणालात, ‘पैसे कुठे गेले नाहीत, सर. चुकीच्या खोलीत झोपलेत. उठवूया.’

तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सांगायला मी तुमच्यासमोर लाजलो, म्हणून इथे लिहितो. जानेवारीत मला तुमच्याच इमारतीतून पत्र आलं होतं. उपकरणांच्या शीर्षातील रक्कम अखर्चित आहे, ३१ मार्चपूर्वी खरेदीचे प्रस्ताव तातडीने सादर करावेत. म्हणजे मुलांच्या फेलोशिपच्या पैशातून यंत्रं घ्या, असं मला लेखी कळवण्यात आलं होतं! आणि मीही असा शहाणा, की सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर सेंट्रिफ्यूज शोधत बसलो होतो. पैसे जास्त कसे उरले हा प्रश्न मलाही पडला नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत लिहिलंय की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली खर्चाची झुंबड हा वित्तीय शिस्तीचा भंग समजावा. आपल्याकडे मात्र जानेवारी लागला की झुंबडीचं पत्रकच निघतं.

तुम्ही त्या दिवशी पाहिलं नसतंत तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर केला. भांडवली, म्हणजे यंत्रांसारखा खर्च, आणि आवर्ती, म्हणजे फेलोशिपसारखा पुन्हापुन्हा येणारा, हे दोन वेगळे कप्पे. एकातलं दुसऱ्यात टाकायचं तर पैसे देणाऱ्याची परवानगी लागते. मार्च उलटला असता, तर अनुदान कशावर खर्च झालं ते कळवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात (त्याच वित्तीय नियमांतला जीएफआर १२-ए नमुना) उपकरणांखाली भलतीच शिल्लक आणि फेलोशिपखाली काहीच नाही, असं चित्र दिल्लीला गेलं असतं. तिथून खुलासा मागवला असता, पुढचा हप्ता अडकला असता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दिल्लीच्या नावानं खडे फोडले असते.

पुढची टिपणी, समायोजनाची नोंद, सह्या यात वाचणाऱ्याला रस नसेल. नऊ दिवसांत झालं एवढं खरं. माझी पहिली टिपणी मात्र सांगायला हवी. ती तुम्ही ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावी’ असं लिहून परत पाठवू शकला असतात. नियमानं तेही चाललं असतं, आणि माझे आणखी पंधरा दिवस गेले असते. तुम्ही समासात पेन्सिलनं दोन बारीक बाण काढलेत. एक, ‘हे वाक्य नको, वाद होईल.’ दुसरा, ‘इथे मंजुरीपत्राचा दिनांक.’ आणि खाली, ‘खोडून टाका.’ मी खोडलं, पण कागद उजेडात तिरका धरला तर बाण अजून दिसतात. त्या पानाची झेरॉक्स मी ठेवलीय. रागावू नका.

मला हेही माहीत आहे की निवृत्त झालेल्या दोघांच्या जागा भरल्या नाहीत म्हणून त्यांची टेबलं तुमच्याच गळ्यात आहेत. म्हणजे ‘वेळ नाही’ म्हणायचा सगळ्यात जास्त अधिकार तुम्हाला होता. तो शब्द मी त्या इमारतीत पुष्कळ ऐकला, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याकडे एकच टेबल होतं त्यांच्याकडून. सेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये आला, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, भिंतीवर नागरिकांची सनद फ्रेम करून लावलेली आहे. यातल्या कशातही असं लिहिलेलं नाही की समोरच्याला शेजारी बसवून मॉनिटर वळवावा. ते माणसाच्या अंगात असावं लागतं. समोर आलेला माणूस आपल्याला फसवायला आलाय असं न धरता, त्याचं काहीतरी खरंच अडलंय असं धरून बोलायचं, हे आपल्याकडे इतकं विरळ झालंय की कुणी तसं वागलं की आपण गांगरतो. मी गांगरलो होतो. नीट आभारही मानले नाहीत. ‘येतो’ म्हणून निघालो, आणि जिन्यात आल्यावर लक्षात आलं.

त्यात माझ्या बाजूचा दोषही कबूल करायला हवा. दरवर्षी अंदाजपत्रकाचा तक्ता विभागात येतो आणि मी गेल्या वर्षीचे आकडे उतरवून त्यावर दहा टक्के चढवतो. तसं करायला मला कुणी शिकवलं नाही. आधीच्या प्रमुखांची फाईल उघडली, तिथेही तेच होतं. मग मार्चमध्ये अधिसभेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, तूट किती याची बातमी येते, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये बसून ‘लेखा विभागाला काही कळत नाही’ म्हणतो. आमच्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या विभागाची शीर्षं डोळ्यांनी पाहिलीत, हा प्रश्न मी परवा विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. एकानं विषय बदलला.

फेलोशिप जमा झाली त्या दिवशी मुलगा प्रयोगशाळेत सकाळी साडेआठला हजर होता. मुलीनं थकलेल्या सहा महिन्यांचा हिशोब वहीत मांडून मला दाखवला आणि विचारलं, ‘सर, हे कुणी केलं?’ मी तुमचं नाव सांगितलं. तेवढं एकाच ठिकाणी सांगितलंय.

यंदा अंदाजपत्रकाचा तक्ता आला की भरण्याआधी तुमच्याकडे येतो. मंजुरीपत्रं घेऊन येईन. खुर्चीवरच्या फायली या वेळी मी उचलतो.

आपला,
एक विभागप्रमुख

ता. क. तो कोर्ट फी स्टॅम्प अजून पाकिटातच आहे. एका सहकाऱ्यानं मागितला, त्याचीही एक फाईल कुठेतरी अडकलीय. स्टॅम्प दिला नाही. तुमचं टेबल कुठे आहे ते सांगितलं. क्षमस्व.