मेंदूत साप नसतो

महोदय,

रागाच्या भरात माणसातला ‘सापाचा मेंदू’ जागा होतो, असे रविवारच्या पुरवणीतील लेखात म्हटले आहे. त्यास माझा आक्षेप आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूवर सस्तनांचा आणि त्यावर माणसाचा असे मजले चढत गेले, ही अमेरिकी मेंदू-संशोधक पॉल मॅक्लीन यांची १९६०च्या दशकातील मांडणी संशोधकांनी केव्हाच मागे टाकली आहे. ‘सापाचे’ म्हणून सांगितले जाणारे भाग माशांतही आहेत, आणि मेंदूच्या पुढच्या भागाची सुरुवातही माशांतच दिसते. उत्क्रांतीने मजले बांधले नाहीत; होते तेच भाग वाढवले, बदलले, नव्याने जोडले. कावळ्याच्या मेंदूला आपल्यासारखे सहा थरांचे आवरण नाही, तरी त्याची हुशारी आपण रोज पाहतो.

आमच्याकडे केळीच्या बागेत ठिबकची काळी नळी पायाजवळ दिसली, की पाय झटकन मागे येतो. क्षणभरात नळी ओळखू येते आणि तोच पाय पुढे पडतो. घाबरणारा आणि सावरणारा मेंदू एकच. मुलाला मारल्यावर एका पालकाने याच लेखाचा आधार घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

– एक शिक्षक, यावल (जि. जळगाव)