अनगोळच्या मेस्त्री मामांना मनापासून थँक्यू

मेस्त्री मामा, हे इथं लिहितोय कारण तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, आणि तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "बस की, चहा घे" म्हणून विषयच बदलला असता.

बेळगावच्या उद्यमबागला फॅक्टरीत दिवसभर मशीनवर माझं काम मायक्रॉनचं, पार्ट जरा इकडं तिकडं झाला की रिजेक्ट. घरी आलो तरी डोक्यात तेच, जेवताना सुद्धा. तुमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आलो ते कपाटाच्या दारासाठी आणि तिथंच रमलो. तुम्ही आधी काही बनवायलाच दिलं नाही, नुसती पटाशी दगडावर घासायला लावली, मग लाकूड तासायचा रंधा. लाकडाच्या रेषेच्या उलट मारला की लाकूड उचकटतं, रेषेबरोबर मारला की कागदासारखी पातळ साल निघते आणि आवाजच बदलतो. तो आवाज कानाला कळायला लागला तसं फॅक्टरी डोक्यातून आपोआप उतरायला लागली, खरंच सांगतो.

देव्हाऱ्याचं दार करताना मी फिट्ट फळी मागितली तर तुम्ही म्हणालात, "पावसात ती कुठं जाईल? जागा सोड की." लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही पण रुंदीला पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि फळी कशी चिरलीय त्यावर हे कमी-जास्त होतं. म्हणून चारी बाजूची चौकट कूस-खाच करून, म्हणजे एका पट्टीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवून घट्ट, आणि मधली फळी खाचेत सुटी, तिला फेव्हिकॉलसुद्धा नाही. लोखंड तापलं की वाढतं हे आम्हाला पाठ आहे, पण हवेतल्या ओलाव्यावर हलणारं मटेरियल मी पहिल्यांदाच हातात घेतलं. आमच्याकडचा जुलै म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

गोकाकचं गिऱ्हाईक आलं की तुम्ही कन्नडमध्ये, खानापूरचं आलं की मराठीत, पण सांगणार एकच: जुन्या घराचं चांगलं सागवान मिळत असेल तर ते बघा, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. धंद्याचं नुकसान झालं तरी चालेल पण खरं तेच सांगणार, हे मला फार आवडतं.

आणि अजून एक. देव्हारा बघून शेजाऱ्यांनी ऑर्डरी द्यायला सुरुवात केली, मी खुशीत सांगायला आलो, तर तुम्ही म्हणालात, "पोटाला नोकरी आहे की. घाई कशाला करूलालास? तारीख लागली की हातातली मजा जाते, मला विचार." आयुष्यभर तारखा पाळलेल्या माणसानं सांगितलं म्हणून पटलं, ऑर्डरी तुमच्याकडंच पाठवल्या. आता संध्याकाळी तासभर काम, मग हत्यारं पुसून तेलाचं बोट फिरवायचं आणि घरात. बायको म्हणते तू आता जेवताना बोलतोस.

सध्या आईसाठी फणसाचा पाट चाललाय. एका कडेला रेष उलटी फिरलीय, तिथं रंधा कुठल्या बाजूनं धरायचा ते कळेना. रविवारी घेऊन येतो मामा, शेडवर असाल ना?